कोणतं पॅकेज कुठल्या कप्प्यात

शाळांसाठी डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका मुक्त वितरणावर, बेतलेला मराठी सॉफ्टवेअर-संच करायचं ठरलं की चर्चा आधी नावावर जाते, मग वॉलपेपरवर. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या लॅबमध्ये फायबर असतं, आणि सावळघाट ओलांडून पेठ-सुरगाण्याकडे गेलं की मोबाइलच्या दोन कांड्यांवर भागवावं लागतं. अशा जिल्ह्यात नाव-वॉलपेपरपेक्षा मोठा प्रश्न पुढे उभा असतो: कोणतं पॅकेज (बसवता येणारा एकेक प्रोग्रॅम किंवा फॉन्ट) कुठल्या रेपोत (पॅकेजांच्या साठ्यात) आणि तिच्या कुठल्या कप्प्यात ठेवायचं. तो नीट सुटला तर पाच वर्षांनी लॅब सांभाळणाऱ्या शिक्षकाला त्याची कधी आठवणही होत नाही. चुकला तर प्रत्येक अपडेटला होते.

मला वाटतं, रेपोची हद्द म्हणजे एक वचन असतं. या हद्दीच्या आत जे आहे ते अमुक अट पाळतं, एवढंच ते वचन. म्हणून पॅकेजची जागा त्याच्या विषयावरून किंवा लोकप्रियतेवरून ठरत नाही. ते पॅकेज आणि ते ज्या-ज्यावर अवलंबून आहे ते सगळं मिळून हे वचन पाळू शकतं का, यावरून ठरते. आणि एका हद्दीने एकच वचन द्यावं. बहुतेक घोटाळे एकाच हद्दीवर दोन वचनं लादल्यामुळे होतात.

डेबियनच्या रचनेत हे प्रश्न बऱ्यापैकी वेगळे ठेवलेले आहेत. सेक्शन सांगतो विषय कोणता: फॉन्ट, नेटवर्क, एडिटर. कंपोनंट सांगतो परवाना कसा आहे: मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री. सूट सांगते माल किती मुरला आहे: अनस्टेबल, टेस्टिंग, स्टेबल. लासलगावच्या बाजारात गोल्टी वेगळी निघते ती आकारामुळे, आणि लाल व उन्हाळी हा फरक हंगामाचा. दोन्ही निकष एकाच ढिगात कालवले तर भाव काढता येत नाही. पॅकेजांचंही तसंच. सेक्शनवर वाद घालण्यात वेळ घालवू नये. तो फक्त शोधायला सोपं जावं म्हणून आहे, चुकला तरी कुणाचं काही अडत नाही. कंपोनंट आणि सूट चुकले की अडतं.

परवान्याच्या कप्प्यापासून सुरुवात करू. डेबियनचा सामाजिक करार आणि त्यातली मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वं १९९७ ची. मेनमध्ये फक्त त्या तत्त्वांत बसणारं सॉफ्टवेअर. पण लोक विसरतात तो नियम पुढे आहे: मेनमधल्या पॅकेजला चालायला किंवा बिल्ड व्हायला, म्हणजे मूळ कोडपासून बांधलं जायला, मेनच्या बाहेरचं काही लागता कामा नये. डिपेंड्स (‘हे लागतंच’) तर नाहीच, रेकमेंड्सही (‘हे सहसा सोबत असावं’) नाही. सजेस्ट्स (नुसती सूचना) तेवढं चालतं. स्वतः मुक्त पण अमुक्त गोष्टीवर टेकलेलं पॅकेज कॉन्ट्रिबमध्ये जातं. एका यंत्रात दुसरं आभासी यंत्र चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचं उदाहरण बोलकं आहे. त्याचा मुख्य भाग जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, पण त्यातला बायोस (यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) बिल्ड करायला ओपन वॉटकॉम कंपायलर लागतो आणि त्या कंपायलरचा परवाना डेबियनला मुक्त वाटत नाही. तेवढ्यावरून अख्खं व्हर्च्युअलबॉक्स मेनमधून कॉन्ट्रिबमध्ये गेलं. अनेकांना हा कर्मठपणा वाटतो. मला नाही वाटत. मेनचं वचन असं आहे की यातलं काहीही, कुणालाही, फक्त यातल्याच साधनांनी पुन्हा बांधता येईल. एका कंपायलरसाठी अपवाद केला की ते वचन उरत नाही.

हाच नियम स्वतःच्या माणसांवरही लावला गेला. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुक्त दस्तऐवज परवान्यात ‘न बदलता येणारे भाग’ ठेवायची सोय आहे. असे भाग असलेलं दस्तऐवजीकरण मुक्त नाही, असं डेबियनने २००६ च्या मतदानात ठरवलं. म्हणून ग्नूचा जीसीसी कंपायलर मेनमध्ये आहे आणि त्याची पुस्तिका नॉन-फ्रीमध्ये. दुसऱ्या बाजूला, डेबियन नॉन-फ्री कप्पा आपल्या सर्व्हरवर ठेवतो म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन त्याला पूर्ण मुक्त वितरणांच्या यादीत घेत नाही. ट्रिस्क्वेल आणि पॅराबोला त्या यादीत आहेत. दोघांची वचनं वेगवेगळी आहेत आणि दोघेही आपापलं पाळतात. आपल्या संचाने कुठलं द्यायचं, ते पहिलं पॅकेज चढवण्याआधी लिहून ठेवावं. नंतर लिहिलं तर जे आधीच चढलंय त्याला शोभेल असंच लिहिलं जातं.

मराठी संचात हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा फॉन्टच्या रूपाने येतो, म्हणून एक फॉन्ट जवळून पाहू. कुणीतरी देवनागरी फॉन्टची झिप फाइल पाठवतं आणि म्हणतं, ‘हा फ्री आहे, टाकून द्या.’ झिप उघडल्यावर आधी परवान्याची फाइल शोधायची. काहीच नसेल तर तिथेच थांबायचं. परवाना नाही म्हणजे सगळे हक्क राखीव. ओएफएल या फॉन्टांसाठीच्या मुक्त परवान्याची १.१ आवृत्ती असेल तर उत्तम. तिच्यात फॉन्ट एकटाच विकू नये अशी अट आहे, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत विकायला मुभा आहे, त्यामुळे डेबियन ती मुक्त मानतो. त्यात ‘राखीव नाव’ लिहिलं आहे का ते पाहायचं. असेल, आणि तुम्ही जोडाक्षरांचं एखादं कोष्टक दुरुस्त करून फॉन्ट बदलणार असाल, तर नाव बदलावं लागेल.

मग फॉन्टएडिटरमध्ये फाइल उघडून नावांच्या कोष्टकातली ० आणि १३ क्रमांकाची नोंद वाचायची. पहिलीत कॉपीराइट असतो, दुसरीत परवान्याचं वर्णन. इथेच अनेकदा गोम निघते: झिपमध्ये ओएफएल आणि फॉन्टच्या पोटात ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’. अशा वेळी मूळ कर्त्याला लिहून विचारायचं आणि आलेलं उत्तर पॅकेजच्या कॉपीराइट फाइलमध्ये जसंच्या तसं ठेवायचं. अंदाजाने निकाल द्यायचा नाही. ‘शैक्षणिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलं असेल तर शाळांसाठी ते सोयीचं दिसतं, पण मार्गदर्शक तत्त्वांतलं सहावं तत्त्व कामाच्या कुठल्याही क्षेत्राला वगळू देत नाही. असा फॉन्ट मेनमध्ये बसत नाही. आणि पुढे वाटायची परवानगी नसेल तर तो नॉन-फ्रीमध्येही बसत नाही, कारण नॉन-फ्रीसाठीसुद्धा वितरणाचा हक्क लागतोच.

शेवटी उगम पाहायचा. नुसती टीटीएफ (तयार फॉन्टची फाइल) दिली आहे की एसएफडी, यूएफओ किंवा ग्लिफ्स स्वरूपातली मूळ फाइलही आहे? ग्लिफ्स हा एडिटर मालकीचा आहे, म्हणून त्याची फाइल दिसली की काही जण फॉन्ट थेट कॉन्ट्रिबमध्ये ढकलतात. तशी गरज नसते. फॉन्टमेक हे मुक्त साधन ती फाइल वाचून फॉन्ट बांधू शकतं. बांधून पाहावं, बांधला गेला आणि नीट दिसला तर तो मेनचा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍या’, ‘ट्र’ आणि मराठी ‘ल’ व ‘श’ ही अक्षरं कागदावर छापून बघावीत. लोहित देवनागरी असाच मेनमध्ये आहे. फॉन्ट्स-डेवा हे एक पॅकेज मागितलं की देवनागरी फॉन्टांचा सगळा गठ्ठा येतो.

फॉन्टच्या शेजारचा प्रश्न जुन्या मजकुराचा. शाळांमध्ये आणि कार्यालयांत कृतिदेव, श्री-लिपी अशा बिगर-युनिकोड फॉन्टांत टाइप केलेली वर्षानुवर्षांची कागदपत्रं आहेत. ती युनिकोडमध्ये आणणारा मुक्त प्रोग्रॅम कुठे ठेवायचा? तो फक्त अक्षरांची अदलाबदल करत असेल तर मूळ फॉन्ट त्याला लागत नाही, म्हणून मेनमध्ये. आधी-नंतरचं चित्र दाखवायला त्याला तो मालकीचा फॉन्ट हवाच असेल तर कॉन्ट्रिबमध्ये. आणि हे दोन भाग वेगळे करता येत असतील तर दोन पॅकेजं करावीत: रूपांतर मेनमध्ये, चित्र दाखवणारा भाग कॉन्ट्रिबमध्ये, आणि पहिल्यातून दुसऱ्याकडे फक्त सजेस्ट्स. पॅकेज कसं तोडायचं हा प्रश्न बऱ्याचदा मुळात ते कुठे ठेवायचं याचाच असतो.

शब्दकोशांबाबत जास्त जपावं लागतं. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती कधीच हक्कमुक्त झाली आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. पण तुमच्या हाती आलेली फाइल कुणी टंकली आणि कोणत्या अटींवर दिली, हा वेगळा प्रश्न आहे. एखाद्या आधुनिक कोशातून उचललेली शब्दयादी शुद्धलेखन तपासनीसाच्या पॅकेजमध्ये शिरली तर ती पुढे शोधून काढणं फार कठीण जातं. यादीतल्या शब्दांवर कुठून आले याचं लेबल नसतं.

एका हद्दीवर दोन वचनं लादली की काय होतं, याचं सर्वांत मोठं अलीकडचं उदाहरण फर्मवेअरचं, म्हणजे हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. लॅपटॉपचं वायफाय चालायला लागणारी बंद फर्मवेअर फाइल बराच काळ नॉन-फ्रीमध्ये होती. ती हवी असेल तर पूर्ण नॉन-फ्री चालू करावं लागे, मग अनरारसारखा बंद प्रोग्रॅम आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हरही त्याच दारातून येणार. ‘माझं हार्डवेअर चालू दे’ आणि ‘मला बंद सॉफ्टवेअर चालतं’ या दोन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत अडकल्या होत्या. २०२२ च्या मतदानानंतर नॉन-फ्री-फर्मवेअर हा स्वतंत्र कप्पा झाला आणि २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या बुकवर्मपासून, म्हणजे डेबियन १२ पासून, तो वापरात आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण त्याने मेनचं वचन हलवलं नाही, फक्त दुसरी गुंतागुंत सोडवली.

पण कप्पा हलवण्याची किंमत असते. ११ वरून १२ वर येताना ज्यांच्या सोर्सेस फाइलमध्ये (रेपोंच्या यादीत) फक्त ‘नॉन-फ्री’ होतं आणि नवी नोंद घातली नाही, त्यांच्या फर्मवेअरचे आणि प्रोसेसरच्या मायक्रोकोडचे अपडेट थांबले. ठळक एरर येत नाही, यंत्र चालू राहतं, सुरक्षा दुरुस्त्या मात्र येत नाहीत. लॅबमधली जुनी यंत्रं चढवून झाल्यावर ही ओळ प्रत्येकावर उघडून पाहावी.

दुसरं वचन आधाराचं: या पॅकेजची जबाबदारी कोण घेतं आणि किती काळ. उबुंटूने परवाना आणि आधार या दोन निकषांचा चौकोन केला. मुक्त आणि कॅनॉनिकलचा (उबुंटूमागच्या कंपनीचा) आधार असलेलं ते मेन, मुक्त पण समुदायाचं ते युनिव्हर्स, आणि अमुक्तांसाठी त्याच क्रमाने रेस्ट्रिक्टेड आणि मल्टिव्हर्स. चौकोन स्वच्छ आहे, पण डेबियनचा मेन आणि उबुंटूचा मेन हे एकाच नावाचे वेगळे अर्थ आहेत, हे लॅबमध्ये नव्याने आलेल्याला सांगावंच लागतं. अल्पाइन या लिनक्स वितरणात मेनला साधारण दोन वर्षं आधार आणि कम्युनिटीला पुढची स्थिर आवृत्ती येईपर्यंत. हे मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण हद्दीवर थेट मुदत लिहिलेली आहे.

ज्या हद्दींनी वापरणाऱ्याला काहीच सांगितलं नाही, त्या मात्र टिकल्या नाहीत. फेडोरा या वितरणाचे कोअर आणि एक्स्ट्राज हे भाग मुख्यतः देखभाल कोण करतं यावर पडलेले होते, कोअर रेड हॅट कंपनीच्या लोकांकडे आणि एक्स्ट्राज समुदायाकडे. २००७ च्या फेडोरा ७ मध्ये ते एक झाले. आर्च लिनक्सची कम्युनिटी रेपोही मे २०२३ मध्ये एक्स्ट्रामध्ये विलीन झाली. जुन्या नावाची रिकामी रेपो कुणाचं यंत्र अडू नये म्हणून जवळपास दोन वर्षं ठेवली आणि मार्च २०२५ मध्ये काढली. हद्द मोडतानाही असा वेळ द्यायचा असतो. आपल्या संचात ‘नाशिक गट’ आणि ‘पुणे गट’ अशा नावांचे कप्पे करण्याचा मोह कुणाला झालाच, तर ही दोन उदाहरणं पुढे ठेवावीत.

तिसरं वचन मुरण्याचं. डेबियनमध्ये पॅकेज अनस्टेबलमध्ये येतं आणि निकडीनुसार १०, ५ किंवा २ दिवसांनी टेस्टिंगमध्ये जाऊ शकतं. त्यासाठी नवा गंभीर बग नसावा आणि त्याच्या जाण्याने दुसरं काही न बसण्याजोगं होऊ नये. छोट्या स्थानिक रेपोलाही दोन सूट हव्यात, एक तपासणीची आणि एक वापराची. रेप्रेप्रो हे साधन यासाठी पुरतं. त्याच्या डिस्ट्रिब्यूशन्स फाइलमध्ये दोन नोंदी: कोडनेम, आर्किटेक्चर्स, कंपोनंट्स आणि सही कोणत्या चावीने, एवढं लिहायचं. शहरातल्या एका लॅबमध्ये तपासणीची सूट लावून आठवडाभर चालवायची, मग रेप्रेप्रोच्या कॉपी आज्ञेने तेच पॅकेज वापराच्या सूटमध्ये न्यायचं. पुन्हा बिल्ड करून टाकायचं नाही. तेच नाव, तीच आवृत्ती पण वेगळा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ताळ्याचा आकडा) असलेली फाइल रेप्रेप्रो घेतच नाही, आणि ते बरंच आहे. जे तपासलं तेच वाटलं गेलं पाहिजे.

आवृत्तीच्या क्रमांकात एक सापळा आहे आणि तो उशिरा कळतो. समजा डेबियनचं पॅकेज १.२-३ आहे. त्यात मराठी दुरुस्ती करून तुम्ही शेवटी अधिकचं चिन्ह आणि ‘नाशिक१’ जोडलंत. पुढच्या महिन्यात डेबियनची सुरक्षा दुरुस्ती येते आणि तिच्या शेवटी अधिकचं चिन्ह आणि ‘डेब१२यू१’ असतं. एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन, अक्षरं इंग्रजी वर्णक्रमाने तोलतं; त्यात डी आधी, एन नंतर. म्हणून तुमचं पॅकेज ‘नवं’ ठरतं आणि सुरक्षा दुरुस्ती कधीच बसत नाही. अधिकच्या चिन्हानंतर लगेच शून्य घालून मग नाव लिहिलं तर ते १.२-३ च्या वर आणि डेबियनच्या दुरुस्तीच्या खाली राहतं. डेबियनने नुसतंच पुन्हा बिल्ड केलेल्या पॅकेजला ‘+बी१’ जोडलेलं असतं, ते मात्र या शून्यवाल्याच्या वर जातं. त्यामुळे डीपीकेजीच्या आवृत्ती-तुलनेच्या आज्ञेने दर वेळी ताडून पाहावं.

याला जोड प्राधान्याची. सामान्य रेपोला एपीटी ५०० गुण देतं. स्थानिक रेपोच्या रिलीज फाइलमध्ये (रेपोच्या वर्णनाच्या फाइलमध्ये) ‘नॉट-ऑटोमॅटिक’ आणि ‘बट-ऑटोमॅटिक-अपग्रेड्स’ या दोन्ही ओळींपुढे होकार लिहिला की तिला १०० मिळतात, बॅकपोर्ट्सला (स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांच्या रेपोला) मिळतात तसे. मग फक्त तुमच्याकडेच असलेलं पॅकेज सहज बसतं, पण डेबियनमध्येही असलेलं एखादं नाव तुमच्या रेपोतून आपोआप येत नाही. मागितलं तरच येतं. १००० किंवा त्यापुढचे गुण कुणी सुचवले तर नको म्हणावं, त्याने पॅकेजं मागच्या आवृत्तीवर उतरतात. चावी कीरिंग्ज फोल्डरमध्ये ठेवून सोर्सेस फाइलमध्ये ‘साइन्ड-बाय’ने फक्त आपल्या रेपोशी बांधावी. विश्वासाच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकलेली चावी सगळ्याच रेपोंसाठी चालते, आणि शाळेच्या यंत्रांवर एवढी सत्ता आपल्याकडे घेण्याचं काहीच कारण नाही.

शाळेचा संच एका मेटापॅकेजने, म्हणजे दुसरी पॅकेजं ओढून आणणाऱ्या रिकाम्या पॅकेजने, बसवायचा असेल तर त्यात डिपेंड्सऐवजी रेकमेंड्स वापरावं. डिपेंड्स असेल आणि शिक्षकाने नको असलेला एक खेळ काढला, तर मेटापॅकेजही जातं आणि पुढच्या ऑटोरिमूव्हला (आता कुणाला न लागणारी पॅकेजं काढण्याच्या आज्ञेला) लिबरऑफिसपासून सगळंच निघायला लागतं.

आता पेठ-सुरगाण्याची बाजू. लॅबमध्ये ३० यंत्रं असतील तर एपीटी-कॅशर-एनजी एका यंत्रावर, पोर्ट ३१४२ वर चालवलं की प्रत्येक पॅकेज बाहेरून एकदाच येतं. जिथे तेवढंही नेट नाही तिथे बाह्य डिस्कवरून रेपो न्यावी लागते, आणि तिथे कप्प्यांचे जुने निर्णय अंगावर येतात. कॉन्ट्रिबमधलं मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टांचं पॅकेज फक्त इन्स्टॉलर आहे; फॉन्ट ते बसताना नेटवरून उतरवतं. डिस्कवर ते दिसतं, पण तिथे त्याचा उपयोग नाही. म्हणून दुर्गम शाळांच्या डिस्कवर मेन आणि नॉन-फ्री-फर्मवेअर एवढेच कप्पे न्यावेत. डेबियनच्या सिक्युरिटी सूटच्या रिलीज फाइलला सात दिवसांची मुदत असते. डिस्क आठव्या दिवशी पोहोचली की एपीटी ती नाकारतं. त्या एका नोंदीपुरती ‘चेक-व्हॅलिड-अंटिल’ बंद करावी, पूर्ण यंत्रासाठी नाही. आणि रिलीज ‘अजून वैध नाही’ असा उलटा संदेश आला तर रेपोत काही शोधत बसू नये. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं.

आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रोसेसरच्या जातीचा, निर्णयही इथेच करावा लागतो. डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल नाहीत. ‘जुनं यंत्र’ म्हणून लगेच ३२-बिटचा कप्पा उघडू नये. एलएससीपीयू ही आज्ञा चालवून ऑप-मोडच्या ओळीत ६४-बिट आहे का पाहावं. कोअर टू ड्युओच्या काळातली यंत्रं बहुतेक ६४-बिट असतात, फक्त त्यांच्यावर कधीकाळी ३२-बिट टाकलेलं असतं. खरोखर ३२-बिट निघाली तेवढ्यांपुरती बुकवर्मची वेगळी सूट ठेवावी आणि तिच्यावर अल्पाइनसारखी मुदत लिहून टाकावी.

एक प्रश्न अजून सगळीकडेच मोकळा आहे. चित्रातून अक्षरं वाचणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅमचं मराठी पॅकेज डेबियनच्या मेनमध्ये आहे आणि छापील मराठी वाचायला ते उपयोगी आहे. पण त्यातली शिकवलेली फाइल ही उगम की बिल्ड? ज्या मजकुरावर ती शिकली तो नसेल तर तिला ‘फक्त यातल्याच साधनांनी’ पुन्हा बांधता येत नाही, आणि हाच निकष तर व्हर्च्युअलबॉक्सला लागला होता. मराठी बोलणं ओळखणारी, भाषांतर करणारी मॉडेलं शाळांच्या संचात मागितली जाणार हे उघड आहे. माझं मत असं की ज्याचा शिकवण्याचा मजकूर आणि कृती दोन्ही मुक्त आहेत ते मेनमध्ये. ज्याचे फक्त शिकून तयार झालेले आकडे मिळतात त्यासाठी वेगळा कप्पा, फर्मवेअरसाठी केला तसा, स्वतःच्या नावाचा. नॉन-फ्रीच्या ओळीत तो मिसळू नये, नाहीतर वाचक-प्रोग्रॅम हवा असलेल्या शाळेला पुन्हा तेच जुनं दार उघडावं लागेल.